किंमत शेवटी हलते : प्रकल्प नोंदी

४ जून

घरात, कामावर, रस्त्यात नजरेला पडणाऱ्या लहानसहान बदलांवरून अर्थव्यवस्थेत काय चाललंय ते कितपत कळतं, हे तपासायचं काम आजपासून सुरू. सोबत एक मैत्रीण आहे. ती यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात असते, त्यामुळे घाऊक बाजू तिची, घरगुती बाजू माझी.

वहीचे रकाने आखले: तारीख, वस्तू किंवा सेवा, माप, दर्जा, अटी, थांबावं लागलेला वेळ. किमतीचा रकाना सगळ्यात उजवीकडे, अरुंद. हे मुद्दाम. भाव वाढला की तो लगेच बोचतो, त्यासाठी वही लागत नाही. माझा अंदाज असा आहे की किंमत हलण्याच्या बऱ्याच आधी बाकीचे रकाने हलायला लागतात. तसं असेल, तर नुसत्या छापील किमतीकडे बघत बसणाऱ्याला बदल सगळ्यात उशिरा कळणार.

९ जून

आधीच्या कामांचं वाचन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन ब्लाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण तोवर फारशी न झालेली गोष्ट केली. किमती लवकर का बदलत नाहीत याबद्दल अर्थशास्त्रात डझनभर सिद्धान्त होते. यांनी ते सरळ कंपन्यांच्या वरिष्ठांसमोर ठेवले आणि ‘तुमच्याकडे यातलं काय लागू पडतं?’ असं विचारलं. अशा सुमारे २०० कंपन्या. निम्म्याच्या आसपास किमती वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा बदलतात असं निघालं. कारणांमध्ये वरच्या क्रमांकावर दोन गोष्टी होत्या. एक, ‘आम्ही एकट्यानेच भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, म्हणून आधी कोणी तरी वाढवू दे’. दुसरी आमच्या कामाची: किमतीला हात लावण्याऐवजी माल पोचवायची मुदत, सेवा, दर्जा यांत फेरफार करणं बऱ्याच कंपन्या पसंत करतात.

म्हणजे आम्ही आखलेले रकाने हवेतले नाहीत.

याच वाचनात कोका-कोलाचं जुनं उदाहरण पुन्हा भेटलं. १८८६ पासून १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेत त्याची किंमत ५ सेंटच राहिली. दोन महायुद्धं झाली, साखर महागली, तरी ५ सेंट. मोठी अडचण यंत्रांची होती: नाणं टाकून बाटली देणारी यंत्रं फक्त ५ सेंटचं नाणं घेत आणि त्याच्या वरचं नाणं थेट १० सेंटचं. १९५३ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे साडेसात सेंटचं नाणं पाडायची विनंती केली, ती मान्य झाली नाही. त्या काळात एक प्रयोग असाही झाला की काही यंत्रांत दर नऊ बाटल्यांमागे एक रिकामी ठेवायची. रिकामी निघाली की पुन्हा नाणं टाकायचं. हिशेब केला तर भरलेल्या बाटलीमागे सरासरी ५.६ सेंट पडतात. यंत्रावर लिहिलेला आकडा मात्र ५.

माझ्या वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात बसेल याचा विचार केला आणि ‘नशीब’ असा रकाना न वाढवता ती ‘दर्जा’मध्ये घातली.

१७ जून

घरातल्या वस्तूंची पहिली फेरी. कपडे धुण्याच्या द्रवाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एक संपत आलेली जुनी, एक नवी. नव्या बाटलीत द्रव कमी. लगेच ‘माप घटलं’ असं लिहिणार, एवढ्यात मागचं लेबल वाचलं. दोन्हींवर धुण्यांची संख्या तितकीच आहे आणि दर धुण्याला लागणारा डोस नव्या बाटलीत कमी सांगितला आहे. द्रव घट्ट केला आहे, पाणी काढलं आहे. वाहतुकीचा आणि प्लास्टिकचा खर्च वाचवण्याचा हा सरळ मार्ग आहे आणि लेबल खरं असेल तर वापरणाऱ्याचं काही गेलेलं नाही.

म्हणून नियम ठरवला: माप ग्रॅम-मिलिलिटरमध्ये लिहायचं, पण शेजारी ‘किती वापर’ हेही लिहायचं. धुणी, पानं, दिवस, फेऱ्या, जे लागू असेल ते. नियमाची उलटी बाजूही आहे. बाटली तेवढीच आणि झाकणातली डोसची रेष वर सरकलेली, असं दिसलं तर ती खरी घट समजायची. ग्रॅम तेच, पण महिनाअखेरीला बाटली लवकर रिकामी.

२३ जून

कागद. आजची नोंद लांब होणार, कारण यात सगळं मोजता आलं.

मैत्रिणीच्या कार्यालयात प्रिंटरचा कागद अडकायचं प्रमाण वाढलं होतं आणि सगळे प्रिंटरला दोष देत होते. तिने रिमचं वेष्टन नीट वाचलं. आधी ७५ जीएसएमचा कागद यायचा, आता ७० चा येतो. पानं ५००, आकार ए-४, पुठ्ठ्याचा खोका तोच, दर तोच.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-० हा आकार बरोबर एका चौरस मीटरचा धरलेला असतो, तो चार वेळा दुमडला की ए-४ होतो, म्हणजे ए-४ चं एक पान चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचं एक पान सुमारे ५ ग्रॅमचं भरतं. ७५ ची ५०० पानांची रिम २.३४ किलो, ७० ची २.१८ किलो. रिममागे साधारण १६० ग्रॅम कागद कमी, म्हणजे शेकडा ६.७. तिने टपालाच्या काट्यावर दोन्ही रिमा ठेवून बघितल्या, हिशेब जुळला.

इथे पानांची संख्या तीच असल्यामुळे ‘किती वापर’चा रकानाही गप्प बसतो. बदल आहे तो दर्जात: पातळ कागद पाठपोट छापला की मागचं दिसतं, म्हणून एकाच बाजूने छापायचं प्रमाण वाढतं आणि रिम लवकर संपते. एका रकान्यात केलेली काटकसर दुसऱ्या रकान्यातून, दुसऱ्याच माणसाच्या खर्चात बाहेर पडते, हे मला या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कागद गिरणीचा लगदा वाचला, कार्यालयाचा कागद वाढला.

२ जुलै

मैत्रिणीने बेअरिंगच्या पुरवठादाराचं नवं कोटेशन दाखवलं (नावं झाकून). दर जुन्या पीओमधलाच (पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर), पैशाचा फरक नाही. तिच्या साहेबांनी ते बघून ‘छान, भाव धरून ठेवलाय’ म्हटलं आणि फाइल पुढे सरकवली. ती मला म्हणाली, “अगं, दर सोडून बाकी सगळं वाच.”

वाचलं. कोटेशनची वैधता ३० दिवसांची होती, ती ७ दिवसांवर आली. माल तयार असायचा, आता सहा आठवडे. पूर्वी माल मिळाल्यावर ४५ दिवसांची उधारी होती. आता ऑर्डरसोबत ३० टक्के ऍडव्हान्स आणि उरलेले माल उतरताना.

आम्ही दोघींनी बसून याचं पैशात रूपांतर केलं. तिच्या कारखान्याला खेळतं भांडवल वर्षाला १२ टक्क्यांनी पडतं असं धरलं. १०० च्या मालात ३० आता माल येण्याच्या ४२ दिवस आधी द्यायचे, जे पूर्वी ४५ दिवसांनंतर जायचे; म्हणजे ८७ दिवस आधी. त्याचं व्याज ०.८६. उरलेले ७० हे ४५ दिवस आधी, त्याचं १.०४. बेरीज १.९०. दर जागेवर ठेवून माल शेकडा १.९ ने महागला आणि याशिवाय सहा आठवड्यांच्या मुदतीमुळे जादा साठा ठेवावा लागणार, तो वेगळा.

वैधतेचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ३० दिवसांचा भाव देणारा पुरवठादार महिनाभर स्वतःचा खर्च हलणार नाही असं गृहीत धरतो. ७ दिवसांचा देणारा सांगतो आहे की पुढच्या आठवड्याचा भरवसा मलाच नाही. भाववाढ होईल ही त्याची अपेक्षा आहे आणि ती त्याने लेखी दिली आहे. मध्यवर्ती बँका महागाईविषयीच्या अपेक्षा मोजायला सर्वेक्षणं घेतात, तीच गोष्ट इथे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात पडलेली असते.

वहीत लिहिलं: येत्या काही आठवड्यांत दर वाढेल. अंदाज आधी लिहून ठेवायचा, नाहीतर नंतर सगळंच आपल्याला आधीच कळलं होतं असं वाटतं.

८ जुलै

कालच्या चर्चेतून निघालेलं. उद्योगांच्या खरेदी व्यवस्थापकांचं दरमहा सर्वेक्षण होतं, त्यावरून पीएमआय म्हणजे खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक काढतात. बातमीत फक्त ‘५० च्या वर’ (म्हणजे वाढ) किंवा ‘५० च्या खाली’ (म्हणजे घट) एवढंच येतं. एस अँड पी ग्लोबलच्या उत्पादन क्षेत्राच्या निर्देशांकात पाच घटक असतात: नव्या ऑर्डरी ३० टक्के, उत्पादन २५, रोजगार २०, पुरवठादारांची मुदत १५, खरेदी केलेल्या मालाचा साठा १०. मुदतीचा आकडा त्यात उलटा करून धरतात: माल उशिरा येऊ लागला तर निर्देशांक वर जातो, कारण उशीर म्हणजे मागणी जास्त असं गृहीत आहे. बंदर बंद पडल्याने उशीर झाला तरी आकडा वरच जातो, आणि तेव्हा तो फसवतो. म्हणून ‘थांबावं लागलेला वेळ’ या आमच्या रकान्यात ‘का’ हा शब्द जोडला.

मैत्रीण म्हणाली, म्हणजे माझं रोजचं रडगाणं हा राष्ट्रीय आकडा आहे. आहेच.

१९ जुलै

हा प्रकार नवा आहे असं कोणी म्हणालं तर दाखवायला दोन जुनी उदाहरणं.

तेराव्या शतकात, १२६६ च्या सुमाराला, इंग्लंडमध्ये पावाविषयी कायदा झाला. त्यात पावाची किंमत बांधलेली होती आणि वजन धान्याच्या भावाप्रमाणे बदलायचं. गहू महागला की त्याच नाण्याला लहान पाव, स्वस्त झाला की मोठा. किती भावाला किती वजन याचं कोष्टकच होतं आणि वजनात चोरी करणाऱ्याला शिक्षा. याचं कारण व्यवहाराचं आहे: सगळ्यात लहान नाण्याहून लहान भाववाढ देता-घेता येत नाही, पीठ मात्र चिमटीने कमी-जास्त करता येतं. आज जी गोष्ट लपून होते ती तिथे उघड आणि कायदेशीर होती, म्हणजे आक्षेपाचा मुद्दा घट हा नसून न सांगता केलेली घट हा आहे. हे स्वच्छ लिहून ठेवते, कारण पुढे निष्कर्ष काढताना लागेल.

दुसरं उदाहरण नाण्याचंच. रोमन दिनारियस ऑगस्टसच्या काळात जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. नीरोने इसवी सन ६४ च्या सुमारास त्याचं वजन आणि चांदी दोन्ही थोडी उतरवली, पुढचे सम्राट उतरवत गेले आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमच्या ‘चांदीच्या’ नाण्यांवर चांदीचा नुसता मुलामा उरला. नाण्यावर सम्राटाचा चेहरा आणि नाव मात्र जागच्या जागी.

३० जुलै

कर्जाचा हप्ता. कागदाच्या रिमनंतरची सगळ्यात मोठी नोंद.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात दर वाढला की अनेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. महिन्याचा आकडा तोच दिसतो, म्हणून कर्जदाराला काही जाणवत नाही. आकडे मांडून बघितलं. १ लाखाचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के: हप्ता ७७५. दर दीड टक्क्याने वाढून ८.५ झाला आणि हप्ता ७७५ च ठेवला, तर सुरुवातीपासून धरल्यास कर्ज फिटायला ३४७ महिने लागतात, म्हणजे २८ वर्षं ११ महिने. जवळजवळ नऊ वर्षं जास्त. हप्ता वाढवून मुदत २० वर्षांचीच ठेवली असती तर तो ८६८ झाला असता, म्हणजे दरमहा ९३ जादा.

अजून पुढे नेलं. वर्षाला ७७५ गुणिले १२ म्हणजे ९,३००. १ लाखावर ९.३ टक्के. दर याच्या वर गेला की हप्त्यातून व्याजसुद्धा भागत नाही आणि मुद्दल दर महिन्याला वाढायला लागतं. हप्ता मात्र तोच, वेळेवर भरलेला.

हे आकडे मी दोनदा ताडून पाहिले, कारण विश्वास बसत नव्हता. मध्यवर्ती बँकेने दर वाढवला ही बातमी आपण ‘हप्ता वाढणार का’ या प्रश्नाने वाचतो. खरा प्रश्न आहे, मुदतीचं काय झालं? आणि तो विचारायला कर्जाचा खातेउतारा मागवून त्यात ‘शिल्लक हप्ते’ ही ओळ बघावी लागते. ज्यांचं कर्ज आहे अशा ओळखीच्या सगळ्यांना आज हेच सांगितलं. बहुतेकांना स्वतःचा हप्ता तोंडपाठ होता, उरलेले हप्ते किती हे कोणीच सांगू शकलं नाही.

वहीत ही नोंद ‘वेळ’ रकान्यात.

१४ ऑगस्ट

मैत्रिणीचा फोन. बेअरिंगचं नवं दरपत्रक आलं, शेकडा ६ वाढ. साहेब म्हणाले, अचानक वाढवला. २ जुलैच्या नोंदीपुढे तारीख टाकली.

एका पुरवठादाराच्या एका वाढीने काही सिद्ध होत नाही हे दोघींना मान्य आहे. त्यामुळे नवा नियम: एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन ठिकाणी एकाच रकान्यात एकाच दिशेने बदल दिसला, तरच तो बदल बातमीशी जोडायचा. एका जागी दिसला तर तो त्या दुकानाचा किंवा त्या माणसाचा प्रश्न असू शकतो.

१६ ऑगस्ट

बातम्यांची बाजू आज मैत्रिणीने मांडली आणि तिने निवडलेली उदाहरणं चांगली आहेत.

२३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ मार्चला सुटलं. तोवर चारशेहून जास्त जहाजं खोळंबली. जगाच्या व्यापाराचा सुमारे १२ टक्के भाग तेव्हा त्या वाटेने जात होता. त्यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. आशिया ते युरोप प्रवासाला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जास्त. त्याचा परिणाम कुठे दिसला? टेस्लाच्या बर्लिनजवळच्या कारखान्यात सुटे भाग पोचले नाहीत म्हणून २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ या काळात बहुतेक उत्पादन थांबलं होतं. गाडीच्या किमतीच्या पाटीवर यातलं काही वाचता येत नाही.

चिपच्या टंचाईचं उदाहरण तर मला फार आवडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोयोटाने जपानमध्ये जाहीर केलं की नव्या गाडीसोबत दोन स्मार्ट किल्ल्या देण्याऐवजी तूर्त एकच देऊ, दुसरी साधी धातूची. जगभर चिप कमी पडत आहेत ही बातमी गाडी घेणाऱ्याच्या हातात किल्लीच्या रूपाने आली. यात एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: कंपनीने हे आधी सांगितलं, कारणासह. १९ जुलैला लिहिलेला फरक हाच.

जुनं उदाहरण विमानांचं. २००८ मध्ये खनिज तेल जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी पहिल्या बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. तिकिटाच्या जाहिरातीतला आकडा तसाच ठेवता आला. तेल त्याच वर्षाच्या अखेरीस खूप खाली आलं, बॅगेचे पैसे राहिले.

२४ ऑगस्ट

पगार हीसुद्धा किंमतच. मंदीत पगार कापले जाताना क्वचित दिसतात. येल विद्यापीठाचे ट्रूमन ब्यूली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात ३०० हून जास्त लोकांच्या मुलाखती घेऊन याचं कारण शोधलं. मालकांचं उत्तर जवळपास एकच: पगार कापला की माणसांचं मन उडतं, काम बिघडतं, चांगली माणसं आधी सोडून जातात. त्यापेक्षा थोडी माणसं कमी केलेली परवडतात.

मग मंदी सुरू होते तेव्हा आधी काय हलतं? आम्ही यादी केली: भरतीच्या जाहिराती, ओव्हरटाइम, कंत्राटी माणसांच्या पाळ्या, सोडून गेलेल्याची जागा भरायला लागणारे महिने, प्रशिक्षणाचा खर्च, पगार जमा होण्याची तारीख. शेवटचा मुद्दा मैत्रिणीचा. पगार १ तारखेवरून ७ वर आणि ७ वरून १० वर सरकला, तर तिच्या मते तो ऑर्डरी आटल्याचा नाहीतर उधारी अडकल्याचा पुरावा आहे आणि वर्तमानपत्राआधी तो कामगाराला मिळतो. मला हे पटतं. ज्याच्या घरी त्या तारखेवर भाडं अवलंबून आहे, त्याला अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही.

५ सप्टेंबर

सरकारी आकडे हे सगळं पकडतात का?

माप घटलं तर बहुतेक पकडतात. ग्राहक किंमत निर्देशांक काढताना वस्तूचं वजन नोंदलेलं असतं, पुडी लहान झाली की किलोमागचा भाव वाढला असं धरलं जातं. पातळ झालेला कागद पकडणं अवघड. फोनवर ताटकळलेली मिनिटं, कमी झालेली उधारी, लहान झालेली वॉरंटी यातलं बहुतेक सुटतं. उलट बाजूही मांडायला हवी: वस्तू सुधारतातसुद्धा. १९९६ मध्ये अमेरिकेत मायकेल बॉस्किन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने म्हटलं की निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे १.१ टक्का जास्त दाखवतो, आणि त्यात नव्या व सुधारलेल्या वस्तूंची दखल अपुरी घेतली जाते हे एक मोठं कारण होतं. म्हणून आमच्या ‘दर्जा’ रकान्यात अधिकचं चिन्हही आहे आणि ते वापरायचं. आज घरातल्या दिव्यापुढे ते टाकलं: उजेड तेवढाच, वीज कमी, टिकतो जास्त.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना नियम आहे: वस्तूचं माप घटवून मापामागचा भाव वाढवला असेल, तर दोन महिने तशी पाटी शेल्फजवळ लावायची. मला हा नियम योग्य वाटतो. किंमत किती ठेवायची हे तो सांगत नाही, फक्त हलवलेली गोष्ट दिसेल अशी करतो.

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाची वस्तूंची टोपली दरवर्षी बदलते. २०२१ मध्ये हात निर्जंतुक करायचं जेल आत आलं, २०२४ मध्ये बाहेर गेलं. साथ आली आणि गेली, ती यादीत अशी उमटली.

२१ सप्टेंबर

रांगा. १५ ऑगस्ट १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेत किमती आणि वेतन ९० दिवसांसाठी गोठवले. पुढे बाकीची नियंत्रणं सैल झाली तरी तेलावरची राहिली आणि १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलबंदी आली तेव्हा पंपांवर मैलभर रांगा लागल्या. काही ठिकाणी गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर तेल मिळायचा दिवस ठरायचा. पाटीवरचा भाव ठरलेला, उरलेला भाव लोकांनी तासांत मोजला.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये मांडलं की कुठल्याही गोष्टीचा खरा खर्च म्हणजे पैसे अधिक वेळ. वेळ सगळ्यांचा सारखा महाग नसतो, हे त्यातूनच निघतं. रोजंदारीवरचा माणूस दोन तास रांगेत उभा राहिला की त्याची मजुरी बुडते. पगारदाराची बुडत नाही. म्हणून ‘थांबावं लागलेला वेळ’ लिहिताना ‘कोणाचा’ हेही लिहायचं ठरलं. वहीत आता मूळ आखणीपेक्षा मार्जिनमध्येच जास्त लिहिलेलं आहे.

१२ ऑक्टोबर

उलटा प्रवास. खर्च उतरला की कुठला रकाना आधी परततो?

खर्च वाढला की भाव झटकन चढतो आणि खर्च उतरला तरी सावकाश उतरतो, हे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बेकन यांनी १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलबाबत दाखवलं. वर जाताना रॉकेट, खाली येताना पीस, असं त्यांनी म्हटलं. कंटेनर वाहतुकीत मोठा चढउतार झाला: शांघायहून निघणाऱ्या कंटेनरांच्या भाड्याचा निर्देशांक जानेवारी २०२२ मध्ये ५,१०० च्या वर होता, २०२३ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास आला. दुकानातल्या वस्तू त्या प्रमाणात खाली आल्या नाहीत, मुदती मात्र बऱ्याच सुधारल्या.

आमच्या वहीतही तसाच क्रम दिसतो आहे. बेअरिंगची मुदत सहा आठवड्यांवरून दोनवर आली. कोटेशनची वैधता पुन्हा ३० दिवस झाली. ऍडव्हान्स तसाच आणि वाढलेला दरही तसाच. कागद ७० जीएसएमचाच येतो. आता वेष्टनावर ‘हलका, पर्यावरणपूरक’ असं छापलं आहे. तो जुन्या जागी परतेल असं मला वाटत नाही. ७५ चा कागद आलाच तर वेगळ्या नावाने, वेगळ्या दराने येईल.

२० ऑक्टोबर

मैत्रिणीची पुरवठादाराशी बैठक झाली. साहेबांची सूचना होती की दर कमी करून घ्या. तिने दराचा विषयच काढला नाही. समोरच्याने स्वतःहून सांगितलं, “मॅडम, दरपत्रकाला हात नाही लावता येणार, एकाला दिलं की सगळे मागतात.” तिने शांतपणे विचारलं, मग ऍडव्हान्स आणि उधारीचं बोलू या का? यावर तो मोकळेपणी बोलायला लागला. त्याच्याकडे माल पडून होता, गोदाम भरलं होतं.

बैठकीनंतरची नोंद तिच्या अक्षरात आहे. दर: तोच. ऍडव्हान्स: नाही. उधारी: माल मिळाल्यावर ३० दिवस. जुलैच्या आधी ४५ होती, म्हणजे अजून १५ दिवस बाकी, शेकडा ०.५. जुलैत गेलेल्या १.९ पैकी १.४ परत आले. उरलेल्या १५ दिवसांसाठी ती जानेवारीत पुन्हा बसणार आहे, वार्षिक करार तेव्हाच नव्याने होतो.